राज्य शिकायचं कुणी?

मुलगी बारावी झाली की आपल्या घरांतून विषयांची निवड ठरलेली असते. हुशार असली तर सायन्स, हिशेबाची असली तर कॉमर्स, आणि लग्न ठरेपर्यंत काहीतरी शिकू दे म्हटलं की बी.ए. त्या बी.ए.त राज्यशास्त्र असतं. ‘सोपा विषय आहे, पाठ केलं की मार्क पडतात,’ असं म्हणून तो घेतला जातो. राज्यपालाचे अधिकार, राज्यसभेची रचना, मूलभूत हक्क किती, हे परीक्षेपुरतं पाठ होतं आणि लग्नाच्या गडबडीत विसरून जातं. घरात कुणाला त्याचं वाईटही वाटत नाही. बाईमाणसाला राज्य करायचंय थोडंच!

मैलूर म्हणजे बीदर शहराला चिकटलेली वस्ती. इथून थोडं या अंगाला गेलं की तेलंगण, थोडं त्या अंगाला गेलं की महाराष्ट्र. बाजारात कन्नड, मराठी, उर्दू, तेलुगू अशा चारही भाषा एकाच दुकानात ऐकू येतात. अशा जागी राहणाऱ्या बाईला राज्यशास्त्र कशाला पाहिजे, हा प्रश्न खरं म्हणजे उलटा विचारायला हवा. राज्याने इतक्या वेळा तिचा पत्ता बदलला, तिची सरकारी भाषा बदलली, तिचं माहेर दुसऱ्या राज्यात नेऊन ठेवलं. तिनेच हा विषय शिकायचा नाही, तर शिकायचा कुणी?

या भागाला हा विषय नवा नाही. कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड म्हणजे जुनं मान्यखेट, राष्ट्रकूटांची राजधानी. तिथल्या जैन परंपरेची ओळख आपल्या वाचकांना करून द्यायला नको. याच राष्ट्रकूटांच्या काळात, दहाव्या शतकात, सोमदेवसूरी नावाचे जैन आचार्य होऊन गेले. राष्ट्रकूटांचे मांडलिक असलेल्या चालुक्यांच्या आश्रयाला ते होते. ९५९ साली त्यांनी ‘यशस्तिलक’ पुरं केलं, आणि ‘नीतिवाक्यामृत’ हा राज्यशास्त्राचा ग्रंथही त्यांचाच. लहान लहान सूत्रांत लिहिलेल्या या ग्रंथात मंत्री कसा असावा, खजिना कसा सांभाळावा, दूत कुणाला नेमावं, न्याय कसा करावा, हे सगळं आहे. घरदार सोडलेल्या मुनीने राज्याच्या कारभाराचा इतका बारीक विचार करावा, याचं आजच्या माणसाला नवल वाटेल. पण सोमदेवांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. राज्य नीट चाललं तरच माणसाचा धर्मही चालतो आणि संसारही. म्हणून ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्यांनी राज्याला नमस्कार केला आहे.

आपल्या मंदिरांतून पुराणं वाचली जातात, चरित्रं वाचली जातात. ‘नीतिवाक्यामृत’ मात्र क्वचितच कुठे काढलं जातं. व्रतांची यादी तोंडपाठ असलेल्या श्राविकेला हा ग्रंथ आपल्याच परंपरेचा आहे हे माहीत नसतं. त्यात तिचा दोष नाही. तो ग्रंथ तिच्यासाठी लिहिलेलाच नव्हता. तो राजासाठी आणि राजपुत्रासाठी होता.

पुढे पाचशे वर्षांनी खुद्द बीदरात विद्येचं मोठं घर उभं राहिलं. बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान याने १४७२ साली मदरसा बांधला. तीन मजली इमारत, निळ्या-हिरव्या फरशांची नक्षी, मोठं ग्रंथालय, शिक्षक आणि विद्यार्थ्यांना राहायला खोल्या. त्याचा उरलेला एक मिनार आजही बीदरात कुठूनही दिसतो. गवान स्वतः कारभारात मुरलेला माणूस. त्याने राज्याच्या चार मोठ्या सुभ्यांचे आठ केले, जमिनीची मोजणी करवली, सरदारांच्या हातातली जास्तीची सत्ता काढून घेतली. साहजिकच सरदार चिडले. त्याच्या शत्रूंनी काय केलं, तर त्याचा शिक्का सांभाळणाऱ्याला फितवून एका कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला आणि वर राजद्रोहाचं पत्र लिहिलं. सुलतानाने चौकशी न करता १४८१ साली त्याचा शिरच्छेद करवला. बहामनी राज्यही पुढे फार दिवस एकसंध राहिलं नाही.

ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि सोडून देतो. पण एवढ्या विद्वान वजिराचा जीव एका कोऱ्या कागदाने घेतला, हे लक्षात ठेवायला हवं. पुढे याचं काम पडणार आहे.

सोमदेवांचा ग्रंथ काय आणि गवानचा मदरसा काय, दोन्ही ठिकाणी राज्याची विद्या राज्य करणाऱ्यांसाठी होती. राज्य सोसणाऱ्यांना, म्हणजे रयतेला आणि रयतेतल्या बायकांना, तिथे जागा नव्हती. ही विद्या रयतेपर्यंत यायला विसावं शतक उजाडावं लागलं, आणि इथे तर तेही सुखासुखी झालं नाही.

निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारं ते पहिलंवहिलं मोठं विद्यापीठ, ही त्याची कीर्ती खरी. पण ती भाषा उर्दू. मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी बहुसंख्य प्रजा आपापल्या घरी एक भाषा बोलायची आणि कचेरीत दुसरी. त्यातच ‘गश्ती निशाण ५३’ नावाचा हुकूम होता. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. जिथे चार माणसांनी एकत्र बसून बोलायलाच परवानगी लागते, तिथे राज्यशास्त्र शिकवणार कुठे? म्हणून इथल्या लोकांनी वाट काढली. वाचनालयं काढली, शाळा काढल्या. कलबुर्गीला नूतन विद्यालय, धाराशिवकडे हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईला योगेश्वरी विद्यालय. पाटीवर शाळा, आत माणूस घडवायचं काम.

हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळेत शिकवणारे एक गुरुजी पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांनी पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात लोकशाही या विषयावर प्रबंध लिहिला होता. म्हणजे ज्या राज्यात लोकशाहीचा उच्चार करायची चोरी, तिथल्या शाळेत लोकशाहीचा अभ्यास केलेला माणूस मुलांना शिकवत होता. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली, सत्याग्रह झाला, स्वामीजी तुरुंगात गेले. आणि १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत हेच स्वामीजी गुलबर्ग्याहून लोकसभेवर निवडून गेले. वर्गातला विषय प्रत्यक्षात उतरायला चौदा वर्षं लागली.

त्या पहिल्या निवडणुकीत बायकांचं काय झालं, ते प्रत्येकीला ठाऊक असायला हवं. स्वतंत्र भारताने पहिल्या दिवसापासून स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीने मत दिलं. पुष्कळ देशांतल्या बायकांना त्यासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं होतं. पण मतदारयाद्या करायला माणसं दारोदार गेली, तेव्हा लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की नावाशिवाय नोंद घ्यायची नाही. सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. हा प्रकार जास्त करून उत्तरेकडच्या राज्यांत झाला, पण रीत तर आपल्याकडेही तीच होती. नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायचं आणि स्वतःचं कुठेच नाही. त्या वेळी देशात शंभर बायकांत जेमतेम नऊ जणींना लिहिता-वाचता येत होतं. हक्क कागदावर आला होता, पण तो घ्यायचा तर आधी स्वतःचं नाव सांगायला लागत होतं. राज्यशास्त्राचा पहिला धडा तोच, आणि तो कुठल्या पुस्तकात नव्हता.

मग १९५६ आलं. त्याआधीचा बीदर जिल्हा आजच्यापेक्षा पुष्कळ मोठा. उदगीर, अहमदपूर, निलंगा त्यात होते, जहिराबाद आणि नारायणखेडही होते. राज्य पुनर्रचना आयोगाने, म्हणजे फाजल अली आयोगाने, १९५५ च्या अहवालात सुचवलं होतं की बीदर जिल्हा तेलंगणाबरोबर वेगळ्या हैदराबाद राज्यात राहू द्यावा. तसं झालं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, जहिराबाद-नारायणखेड आंध्र प्रदेशात, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात.

समजा एका घरच्या तीन बहिणी. एक उदगीरला दिलेली, एक बीदरला, एक जहिराबादला. ३१ ऑक्टोबरला तिघी एका जिल्ह्यात झोपल्या आणि सकाळी तीन राज्यांत उठल्या. कुणी घर बदललं नाही, कुणी सामान बांधलं नाही. पुढे उदगीरवाली १९६० साली महाराष्ट्रात गेली आणि १९८२ पासून तिचा जिल्हा लातूर झाला. बीदरवालीचं राज्य १९७३ पासून कर्नाटक झालं. जहिराबादवाली २०१४ पासून तेलंगणात आहे. एकीच्या मुलांना पुढे शाळेत मराठी, दुसरीच्या मुलांना कन्नड, तिसरीच्या मुलांना तेलुगू. राखीपौर्णिमेला माहेरी एकत्र जमल्या की मावसभावंडांची पाठ्यपुस्तकं एकमेकांना वाचता येत नाहीत. आजीच्या शेताचे जुने कागद उर्दूत. ते तर कुणालाच वाचता येत नाहीत.

सीमेचा वाद पुढे चालूच राहिला. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतली गावंही त्या मागणीत आहेत. त्यावर पुरुषमंडळी पारावर तासन्‌तास बोलतात. मी इथे कुणाची बाजू घेत नाही. मला सांगायचंय ते वेगळंच. त्याच १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यघटनेची सातवी दुरुस्ती अमलात आली आणि तिने ३५०-अ आणि ३५०-ब ही दोन कलमं घातली. पहिलं कलम म्हणतं की भाषेने अल्पसंख्य असलेल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने करावी. दुसऱ्याने अशा लोकांच्या तक्रारी पाहायला एक विशेष अधिकारी नेमला. म्हणजे ज्या दिवशी रेघ ओढली, त्याच दिवशी रेघेच्या अलीकडे-पलीकडे अडकलेल्या मुलांची सोयही लिहून ठेवली. सीमेवर तावातावाने बोलणाऱ्या किती जणांना हे कलम ठाऊक आहे? आणि मुलाला शाळेत घालायला जी आई जाते, तिला कुणी सांगितलंय?

हे सांगायचं काम कॉलेजाचं. आणि इथे आपल्या समाजाने अभिमानाने सांगावी अशी एक गोष्ट आहे. कुंभोजला जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज. ‘कमवा आणि शिका’ हे त्याचं सूत्र. ज्याच्या बापाकडे फी नाही त्याने शेतात काम करावं, रस्ता खोदावा आणि शिकावं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. भाऊरावांना सगळे कर्मवीर म्हणतात, पण ती संस्था लक्ष्मीबाईंच्या सोन्यावरही उभी आहे.

योगायोग असा की त्याच १९४७ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अहवाल दिला. त्या अहवालाचा विषयच लोकशाहीसाठी उच्च शिक्षण हा होता. गावोगाव स्वस्त, जवळचं, कुणालाही दार उघडं असलेलं कॉलेज असावं, असं त्यात म्हटलं होतं. ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द तिथे रुळला तो या अहवालानंतर. १९५० साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने निघालेल्या कॉलेजचं नावही पीपल्स कॉलेज. लोकांचं कॉलेज ही कल्पना आपल्याला कुणाकडून उसनी घ्यावी लागली नाही. ती इथे होतीच.

फरक पडला तो पुढे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात आजही नियम आहे की सरकारी कॉलेजातून पदवी घ्यायची तर शासन या विषयाचे सहा क्रेडिट पुरे करावेच लागतात, मग तुम्ही इंजिनियर व्हा की आणखी काही. नवऱ्याच्या नोकरीमागे तिकडे गेलेल्या आपल्या मुली जवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घालतात, तेव्हा त्यांनाही केंद्र काय करतं, राज्य काय करतं, शाळेचा कर कोण ठरवतं, हे शिकावं लागतं. आपल्याकडे १९९५ साली पाँडिचेरी विद्यापीठाने पहिलं कम्युनिटी कॉलेज काढलं, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचीही योजना आली. ती सगळी मुख्यतः हाताला काम देणारी. शिवण, दवाखान्यातली मदत, संगणक. हे हवंच, त्याला नाव ठेवायचं नाही. पण भाऊरावांच्या पोरांनी कुदळ चालवली ती नुसती कुदळ चालवायला शिकावं म्हणून नव्हे. कामाबरोबर राज्य कळावं, हा अर्धा भाग आपण वाटेत कुठेतरी सांडला.

तो सांडल्याची किंमत पंचायतीत दिसते. कर्नाटकाने या बाबतीत देशाच्या आधी पाऊल टाकलं. १९८३ च्या कायद्याने बायकांना मंडल पंचायतीत आणि जिल्हा परिषदेत पंचवीस टक्के जागा ठेवल्या आणि १९८७ साली त्याप्रमाणे निवडणुका झाल्या. ७३ वी घटनादुरुस्ती त्यानंतर, १९९३ साली अमलात आली आणि एक तृतीयांश जागा देशभर झाल्या. २०१० साली कर्नाटकात त्या निम्म्या झाल्या. पलीकडे महाराष्ट्रात ज्याला सरपंच म्हणतात त्याला इथे अध्यक्ष म्हणतात. त्या खुर्चीवर आज बाई बसते. ग्रामपंचायतीच्या चेकवर अध्यक्षांची आणि पंचायत विकास अधिकाऱ्याची, म्हणजे पीडीओची, अशा दोघांच्या सह्या लागतात.

आणि कितीतरी गावांत होतं काय? नवरा किंवा दीर चेकबुक घेऊन घरी येतो. बाई भाकरी थापत असते. हात पदराला पुसते आणि सही करते. आकडा नंतर भरला जातो. उद्या हिशेबात घोळ निघाला तर नोटीस तिच्याच नावाने येणार, कारण सही तिची. बायांनो, महमूद गवानचा कोरा कागद तो हाच. त्याचा शिक्का निदान चोरून उठवला होता. आपण तर आपल्या हाताने उठवून देतो. १९५२ साली बायका नाव सांगत नव्हत्या म्हणून यादीतून गेल्या. आज नाव यादीत आहे, पाटीवर आहे, सहीपण येते. पण सहीच्या वर काय लिहिलंय ते वाचायचं राहिलं आहे.

राज्यशास्त्र पास-नापासाचा विषय नाही, हे मला यासाठी म्हणायचंय. आणखी दोन उदाहरणं घ्या. कल्याण कर्नाटकाला, तेव्हाच्या हैदराबाद-कर्नाटकाला, २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने ३७१-जे हे कलम मिळालं. बीदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी या जिल्ह्यांतल्या मुलांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत राखीव जागा मिळाल्या. त्यासाठी पात्रतेचा दाखला काढून ठेवावा लागतो. दाखला वेळेवर काढणारी आई आणि ऐन प्रवेशाच्या दिवशी धावपळ करणारी आई, यांच्या मुलांच्या वाटा तिथेच फुटतात. दुसरं उदाहरण आपल्या समाजाचं. जैनांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्य म्हणून मान्यता मिळावी यासाठी बाळ पाटील सर्वोच्च न्यायालयात गेले. २००५ साली निकाल आला, पण मनासारखा आला नाही. पुढे जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने ती मान्यता दिली. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना त्या रकान्यात जैन लिहिता येतं, त्यामागे इतक्या वर्षांची खटपट आहे. ते नुसतं आपोआप आलेलं नाही, आणि माहीत नसेल तर ते असून नसल्यासारखंच.

मग करायचं काय? मुलीने बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं असेल तर तिला ‘सोपं आहे’ म्हणू नका. तिच्याकडून घरातले जुने कागद वाचून घ्या, रेशनकार्डापासून शेताच्या उताऱ्यापर्यंत. कुठला कागद कुठल्या सरकारने दिला, कुठल्या भाषेत दिला आणि का, हे तिला शोधू द्या. एवढ्यातच तिचं अर्धं पुस्तक येईल. ज्या आपण कॉलेज सोडून वीस-तीस वर्षं झाली, त्यांनीही मागे राहायचं कारण नाही. मुक्त विद्यापीठात वयाची अट आड येत नाही. तेही नको असेल तर भजनाला, स्वाध्यायाला जमतोच आपण. महिन्यातून एक बैठक अशी ठेवावी की त्यात घटनेचं एक कलम वाचायचं आणि आपल्या वॉर्डात, आपल्या पंचायतीत त्याचं काय झालं ते विचारायचं. ग्रामसभेची तारीख कळली की तिघीचौघींनी मिळून जायचं. एकटीला बोलायला जड जातं, चौघीजणी असल्या की कंठ फुटतो. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. अर्ज साध्या कागदावर करता येतो.

आणि जी बाई निवडून आली असेल, तिच्या घरी जाऊन हळदीकुंकवाबरोबर एवढंच सांगायचं, की बाई, आधी वाच, मग सही कर. वाचता येत नसेल तर आमच्यातल्या एकीला हाक मार. कोऱ्या कागदावर मात्र नवऱ्याने सांगितलं तरी सही करू नकोस.